पस्तीस एमएमची जोडी: लहान गावाचं टॉकीज ज्या यंत्रावर चाललं

लहान गावातलं टॉकीज बंद का पडलं असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: टीव्ही आला, मग व्हिडिओ आला, मग मोबाइल आला. हे खोटं नाही. पण कारण तेवढंच असतं, तर ही टॉकीजं कितीतरी आधी बंद पडायला हवी होती. माझे वडील अशाच एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. केबिनमध्ये मी त्यांच्या हाताखाली शिकले, पुढे त्यांच्या जागी उभी राहिले आणि टॉकीज विकलं गेलं तेव्हा दोन्ही मशिनं खाली उतरवतानाही तिथेच होते. आज त्या जागेवर टॉकीजची एक वीटसुद्धा नाही. पडदा, खुर्च्या, बाल्कनी यांच्या आठवणी काढणारे पुष्कळ भेटतात. केबिनमधल्या यंत्राबद्दल मात्र कोणी लिहीत नाही, कारण प्रेक्षकांची त्याच्याकडे कायम पाठ असायची. म्हणून हे परीक्षण त्या यंत्राचं: कार्बनच्या उजेडावर चालणारे, शेजारी शेजारी उभे केलेले पस्तीस एमएमचे, म्हणजे पस्तीस मिलिमीटर रुंद फिल्मचे, दोन प्रोजेक्टर.

माझं मत आधीच सांगून टाकते. चित्रपट दाखवण्यासाठी याहून भरवशाचं यंत्र आजवर झालेलं नाही. आणि लहान टॉकीजचा जीव या यंत्रात होता, कारण ते तिथल्याच माणसाला उघडता येत होतं, दुरुस्त करता येत होतं, आणि नवं काही आलं तर त्यालाच जोडता येत होतं.

यंत्राचं काळीज म्हणजे माल्टीज क्रॉस. चार खाचांची एक चांदणी, आणि तिच्या शेजारी एक खुंटी असलेली चकती. चकती मिनिटाला १,४४० वेळा फिरते. प्रत्येक फेरीत खुंटी एका खाचेत शिरते, चांदणीला पाव फेरी देते आणि बाहेर पडते. चांदणीच्या दांड्यावर सोळा दात्यांचं चाक, म्हणजे स्प्रॉकेट, बसवलेलं असतं. पाव फेरीत चार दाते पुढे जातात, चार दात्यांवर फिल्मची चार छिद्रं, आणि चार छिद्रांची एक फ्रेम. फेरीचा एक चतुर्थांश वेळ फिल्म सरकते, उरलेला तीन चतुर्थांश वेळ ती गेटमध्ये, म्हणजे लेन्समागच्या चौकटीत, अगदी स्थिर उभी असते. ती सरकत असताना शटरचं पातं उजेड अडवतं. दुसरं पातं ती उभी असताना मुद्दाम आणखी एकदा अडवतं, म्हणजे सेकंदाला चोवीस फ्रेम असूनही पडद्यावर अठ्ठेचाळीस झपके पडतात आणि डोळ्यांना लुकलुक जाणवत नाही. दोन तासांच्या चित्रपटात ही चांदणी १,७२,८०० वेळा थांबते आणि निघते. तेलात बुडालेल्या एका लहानशा पेटीत हे सगळं घडतं. तेल वेळेवर बदललं तर ती पेटी दशकानुदशकं चालते. आमची चालली. टॉकीजच्या मालकांची दुसरी पिढी आली, तरी पेटी पहिलीच होती.

बिघाडही हे यंत्र स्वतः दाखवून द्यायचं, आणि याला मी सगळ्यात जास्त गुण देते. चित्र उभं थरथरायला लागलं की चांदणीची खाच झिजली किंवा गेटच्या पट्ट्या सैल झाल्या. पांढऱ्या नावांना वर किंवा खाली शेपूट फुटलं की शटर वेळेवर मिटत नाही. पात्रांचे ओठ आणि आवाज जुळेनासे झाले की खालच्या लूपचा आकार चुकला. हे शेवटचं जरा समजावून सांगायला हवं. आवाज वाचणारं साउंडहेड गेटच्या खाली असतं, म्हणून फिल्मवर आवाजाची पट्टी चित्राच्या वीस फ्रेम पुढे छापलेली असते. मध्ये फिल्मची एक सैल कमान, म्हणजेच लूप, ठेवावी लागते, कारण गेटमध्ये फिल्म थांबत थांबत येते आणि साउंडहेडवरून ती अखंड जायला हवी. कमान एक-दोन फ्रेमनी लहानमोठी झाली तर आवाज तितकाच मागेपुढे होतो. चांगला ऑपरेटर याचा उपयोगही करून घ्यायचा. हवेतून आवाजाला चौदा मीटर जायला साधारण एका फ्रेमइतका वेळ लागतो. हॉल लांब असेल तर कमान किंचित बदलून मागच्या रांगांचा हिशेब सांभाळता येतो. वडील नवीन प्रिंट, म्हणजे चित्रपटाची प्रत, लागली की पहिल्या खेळाला पाच मिनिटं हॉलमध्ये मागे जाऊन उभे राहायचे आणि मग केबिनमध्ये येऊन कमान ठरवायचे. पैसे देऊन बसलेल्या माणसाला त्याच्या खुर्चीवर काय ऐकू येतं, हे मोजायला त्यांच्याजवळ फक्त कान होते.

उजेडाबद्दल लिहिताना माझा तोल थोडा सुटेल. कार्बनच्या दोन काड्या, एक धन आणि एक ऋण. त्यांची टोकं क्षणभर एकमेकांना लावायची आणि लगेच मागे घ्यायची. मधल्या फटीत जी ज्योत पेटते तिच्यामुळे धन काडीच्या टोकाला खळगा पडतो आणि तो साडेतीन हजार अंश सेल्सियसच्या वर तापतो. पडद्यावरचा सगळा उजेड त्या खळग्याचा. उघड्या डोळ्यांनी पाहायचं नाही, लॅम्पहाऊसच्या, म्हणजे दिव्याच्या पेटीच्या, काळ्या काचेतून पाहायचं. काड्या जळून लहान होतात, आणि धन काडी जास्त वेगाने जळते, म्हणून त्या पुढे सरकवायला छोटी मोटर असते. पण मोटरवर सगळं सोपवता येत नाही. आमच्याकडे एका कागदावर ज्योतीची सावली पडायची, त्यावर दोन रेघा मारलेल्या होत्या. टोकं रेघांवर राहिली की पडदा पांढराशुभ्र. फट वाढली की उजेड बदलतो, गोऱ्यापान चेहऱ्यावर निळी किंवा पिवळी झाक येते. झेनॉन दिवे १९५० च्या दशकातच निघाले होते आणि सोयीत ते कितीतरी वरचढ आहेत: बटण दाबलं की पेटतात, धूर नाही, राख नाही. तरीही कार्बनच्या उजेडात काळोख जास्त खोल दिसायचा असं मला आजही वाटतं. हे मी मोजून सांगत नाही, डोळ्यांनी पाहिलेलं सांगते.

दोन मशिनं का, हे आता कित्येकांना माहीत नसतं. दोन हजार फुटांचं रीळ मिनिटाला नव्वद फूट या वेगाने जेमतेम बावीस मिनिटं पुरतं. म्हणून एका मशिनवर रीळ संपत आलं की दुसऱ्यावर पुढचं तयार ठेवायचं. रीळ संपण्याच्या सुमारे आठ सेकंद आधी पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो: दुसऱ्या मशिनची मोटर सुरू करा. शेवटचा एक सेकंद उरताना दुसरा ठिपका: बदला. एका मशिनचा उजेड बंद, त्याच क्षणी दुसऱ्याचा चालू, आवाजही इकडून तिकडे. दोन तासांच्या चित्रपटात असे पाच-सहा बदल, दिवसात तीन-चार खेळ. हॉलमधल्या कोणाच्याही लक्षात आलं नाही, तर काम बरोबर झालं. मला या कामाचा अभिमान आहे. वडिलांना तर दुसरा ठिपका यायच्या आधी संवादावरूनच कळायचं, पण हात मात्र ते ठिपक्यावरच हलवायचे.

आता या यंत्राच्या वाट्याला काय यायचं ते सांगते, कारण टॉकीजला नाव ठेवणारे लोक बहुतेक वेळा प्रिंटचे दोष यंत्राच्या माथी मारायचे. लहान गाव वितरणाच्या साखळीत शेवटचं. प्रिंट आधी मोठ्या शहरांत फिरायची, मग मध्यम गावांत, आणि आमच्याकडे यायची तोवर तिच्यावर हिरव्या-काळ्या रेघा, जागोजागी सांधे, आणि प्रत्येक रिळाच्या सुरुवातीची व शेवटची काही सेकंदं तुटून गेलेली. ठिपके आधीच्या कुणा ऑपरेटरने खिळ्याने ओरखडून मोठे केलेले. प्रिंट आली की आम्ही ती हाताने गुंडाळताना कडा बोटांतून सोडायचो. फाटलेलं छिद्र बोटाला कळतं. कच्चे सांधे खरवडून पुन्हा जोडायचे, तेव्हा कुठे खेळ निर्धास्त व्हायचा. फिल्म जोडायच्या सिमेंटचा वास केबिनमधल्या माणसाच्या कपड्यांतून जात नाही.

साखळीच्या शेवटी असणं म्हणजे काय, याचं जगातलं सगळ्यात बोलकं उदाहरण कॅनडातल्या युकॉनमधलं डॉसन सिटी. सोन्याच्या शोधात वसलेलं ते गाव वितरणाचं अखेरचं टोक होतं. तिथे रिळं पोहोचायची तोवर ती इतकी जुनी झालेली असायची की परत मागवण्याचा खर्च कंपन्यांना परवडत नसे. १९२९ मध्ये ती साठलेली रिळं एका जुन्या पोहण्याच्या तलावात भराव म्हणून टाकली गेली. १९७८ मध्ये खोदकामात त्यांतली ५३३ रिळं बाहेर आली. थंडीने गोठलेल्या जमिनीमुळे ती टिकली होती, आणि त्यांत असे मूकपट होते ज्यांची दुसरी प्रत जगात कुठेच उरलेली नव्हती. शेवटच्या टॉकीजला कोणी मोजत नव्हतं आणि तिथेच हे शिल्लक राहिलं, हे वाचलं तेव्हा मला रडू आलं होतं.

सुरक्षिततेत या यंत्राला पूर्ण गुण देता येत नाहीत. सुरुवातीच्या अर्धशतकात फिल्म नायट्रेटची होती. नायट्रेट जळताना स्वतःचा प्राणवायू स्वतःच सोडतं, त्यामुळे ते पाण्याखालीही जळत राहतं. आणि त्याच्या मागेच ती ज्योत. ५ सप्टेंबर १९२६ रोजी आयर्लंडमधल्या ड्रमकॉलोगर या खेड्यात वरच्या मजल्यावरच्या तात्पुरत्या हॉलमध्ये मेणबत्तीने रीळ पेटलं आणि ४८ माणसं गेली. तिथे केबिनच नव्हती. ब्रिटनने १९०९ साली कायदा करून प्रोजेक्टर आगीला तोंड देईल अशा वेगळ्या कोठीत ठेवणं बंधनकारक केलं होतं ते याच भीतीपोटी. टॉकीजची केबिन जाड भिंतींची आणि लोखंडी दाराची का असते, तिच्या खिडक्यांवर वितळणाऱ्या कडीला टांगलेल्या लोखंडी झडपा का असतात, याचं उत्तर तिथे आहे. आग लागली की कडी वितळते, झडपा खाली पडतात, हॉल वाचतो. ऑपरेटर आतच असतो. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला नायट्रेटचं उत्पादन थांबलं आणि सहजासहजी न पेटणारी ॲसिटेटची सेफ्टी फिल्म सगळीकडे आली. मी शिकले ती सेफ्टी फिल्मवरच. तरी वडील केबिनमध्ये काडेपेटी आणू द्यायचे नाहीत.

माझा मुख्य मुद्दा पुढे आहे. या यंत्राने पाऊण शतकात जे जे नवीन आलं ते स्वतःला जोडून घेतलं. १९२७ नंतर बोलपट आले, गेटच्या खाली साउंडहेड बसवलं. हा खर्च पेलला नाही म्हणून अमेरिकेत पुष्कळ लहान टॉकीजं तेव्हाही बंद झाली, हे विसरून चालणार नाही. पण ज्यांनी पेलला त्यांचं मशीन तेच राहिलं. रंग आला, तेव्हा यंत्रात काहीच बदलावं लागलं नाही. १९५३ मध्ये सिनेमास्कोप आला. दुप्पट दाबलेलं चित्र पसरवणारं भिंग लेन्सपुढे लावलं की झालं. त्या वेळची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सिनेमास्कोप काढणाऱ्या ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स कंपनीचा सुरुवातीला आग्रह होता की टॉकीजवाल्यांनी त्याच्याबरोबर चार पट्ट्यांचा चुंबकीय स्टीरिओ आवाजही घ्यावा. लहान टॉकीजवाले अडून बसले: हॉल एवढासा, त्यात चार दिशांचा आवाज कशाला, आणि पैसे कुठून? १९५४ मध्ये कंपनीने माघार घेतली आणि साध्या आवाजाच्या प्रिंट द्यायला सुरुवात केली. लहान टॉकीजचं म्हणणं ऐकलं गेलं, कारण त्यांच्या केबिनमध्ये चालू मशीन उभं होतं आणि त्यावर दाखवायला दुसरे चित्रपट होते. पुढे १९९२ मध्ये डॉल्बीचा डिजिटल आवाज आला तोही छिद्रांच्या मधल्या जागेत छापलेला, आणि तो वाचणारी डबी जुन्या मशिनच्या डोक्यावर बसायची. आजोबांच्या काळातलं यंत्र डिजिटल आवाज वाजवत होतं.

ब्रिटनमध्ये १९४६ साली सिनेमाची सुमारे १६३ कोटी तिकिटं विकली गेली होती, १९८४ साली ५ कोटी ४० लाख. टीव्ही आणि व्हिडिओने केलेली पडझड ती हीच. इतक्या घसरणीनंतरही काही लहान टॉकीजं उभी राहिली, कारण यंत्राचे पैसे केव्हाच फिटलेले होते. काड्या, तेल, एखादा पट्टा, एखादं स्प्रॉकेट, एवढाच खर्च. प्रेक्षक वीस असोत की दोनशे, खेळ व्हायचा.

मग पॉलिएस्टरची फिल्म आली. ती तुटत नाही म्हणून सगळे खूश. केबिनमधले मात्र नाही. ॲसिटेटची फिल्म अडकली तर फिल्म तुटते आणि मशीन वाचतं. पॉलिएस्टर अडकली तर फिल्म शाबूत राहते आणि मशिनचे भाग वाकतात. तिला सिमेंटने जोडताही येत नाही, टेप लागते. तरी हेही निभावलं.

डिजिटल निभावलं नाही. अमेरिकेतल्या सात मोठ्या स्टुडिओंनी २००२ मध्ये एकत्र येऊन डीसीआय ही संस्था काढली आणि जुलै २००५ मध्ये डिजिटल प्रक्षेपणाचे नियम प्रसिद्ध केले. या वेळी जुन्या मशिनला जोडायचा भाग नव्हता. अख्खं मशीन काढायचं, आणि नव्यासाठी एका पडद्यामागे हजारो डॉलर ओतायचे. स्टुडिओंनी प्रिंटवर वाचणाऱ्या पैशांतून काही वाटा टॉकीजला द्यायची व्यवस्था केली, पण बहुतेक करारांत तो चित्रपट नवा असताना लावणाऱ्यांसाठी होता. साखळीत शेवटी असणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नव्हता. भारतात त्याच सुमारास उपग्रहावरून चित्रपट पाठवणारी स्वस्त व्यवस्था आली आणि तिने पुष्कळ लहान टॉकीजांना काही वर्षं आणखी जगवलं, हे श्रेय तिला द्यायलाच हवं. चित्रपट एकाच शुक्रवारी शहरात आणि गावात लागू लागला, तो तिच्यामुळेच.

डिजिटल चित्र वाईट आहे असं मी म्हणणार नाही. ते स्थिर असतं, रेघा नसतात, शंभराव्या खेळाला पहिल्या खेळासारखंच दिसतं. आमच्या प्रेक्षकांना आयुष्यभर झिजलेल्या प्रिंट पाहाव्या लागल्या, त्यांना हे मिळायलाच हवं होतं. माझी तक्रार यंत्राच्या मालकीबद्दल आहे. या मशिनमध्ये चित्रपट कुलूपबंद येतो. किल्लीही डिजिटल असते, ती ठरावीक मशिनपुरती आणि ठरावीक तारखांपुरतीच चालते. किल्ली उशिरा आली की हॉल भरलेला असूनही पडदा कोरा. चित्रपट उलगडणारा जो भाग असतो तो उघडायचा प्रयत्न केला की तो स्वतःहून बंद पडतो. त्यातली बॅटरी संपली की त्याची ओळखच पुसली जाते आणि तो कारखान्यात पाठवावा लागतो. आमच्या मशिनला स्क्रूड्रायव्हर, तेलाचा डबा आणि शिकलेला हात पुरत होता. नव्याला कंपनीचा माणूस लागतो, आणि लहान गावात तो उद्या येत नाही. खेळ रद्द होतो, माणसं परत जातात, पुढच्या वेळी येत नाहीत. २०१३ मध्ये फुजीफिल्मने सिनेमाच्या चित्रीकरणाची आणि प्रिंटची फिल्म बनवणं थांबवलं, २०१४ च्या सुरुवातीला पॅरामाउंटने अमेरिकेत नव्या चित्रपटांच्या फिल्म प्रिंट बंद केल्या. केबिनमध्ये चालू स्थितीतलं मशीन उभं, आणि त्याला दाखवायला काही नाही. आमचं टॉकीज असं गेलं.

कोडॅक अजूनही फिल्म बनवतं. जगात काही संग्रहालयं, अभिलेखागारं आणि हौशी मंडळी पस्तीस एमएम चालवतात. म्हणून या यंत्राचं परीक्षण अगदीच निरुपयोगी नाही. एखाद्या बंद टॉकीजच्या केबिनमध्ये जोडी उभी असेल आणि ती भंगारात चालली असेल, तर घ्या. घेताना लेन्सच्या चकाकीपेक्षा चांदणीकडे बघा. हाताने चक्र फिरवा, स्प्रॉकेट थांबलेलं असताना त्याला बोटाने हलवून पाहा, ढिलाई असेल तर चित्र थरथरणार. दाते आकड्यासारखे वाकलेले असतील तर स्प्रॉकेट बदलावं लागेल, कारण ते प्रत्येक प्रिंट फाडणार. लेन्समध्ये बुरशी आहे का ते दिव्यासमोर धरून पाहा. कार्बनच्या काड्या मिळणं आता अवघड आहे, त्यामुळे लॅम्पहाऊस झेनॉनचं असेल तर उत्तम, पण झेनॉनच्या नळीत दाब फार असतो, चेहऱ्यावर ढाल आणि हातात जाड मोजे घातल्याशिवाय तिला हात लावू नका. मशिनबरोबर जुनी रिळं मिळाली आणि डब्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती ॲसिटेटची, ती इतर रिळांपासून वेगळी आणि थंड जागी ठेवा. नायट्रेटची शंका आली तर गेटमध्ये घालूच नका, सरळ चित्रपट अभिलेखागाराला कळवा. आणि पहिल्यांदा सुरू करण्याआधी चांदणीच्या पेटीतलं जुनं तेल पूर्ण काढून नवं भरा, मोटर चालू करून फिल्म न लावता अर्धा तास फिरू द्या, मग पेटीला हात लावून बघा. कोमट लागली तर ठीक. चटका बसला तर थांबवा, आणि पेटी उघडायला जाणकार ऑपरेटर शोधा. असे ऑपरेटर अजून आहेत, बहुतेक साठी ओलांडलेले. बोलावलंत तर येतात.